काळ्या दोऱ्याची लडी

शिवलीलानं चौथी चिठ्ठी लिहिली, पेनाचं टोपण दातांत धरलं आणि पुठ्ठ्याच्या त्या तुकड्यावर हलकेच फुंकर घातली. भिमाबाई. सिंधुबाई. जगदेवी. शिवलीला. प्रत्येक नावाखाली गावाचं नाव. अक्षर तिचं चांगलं, बी.ए. झालेलीही ती एकटीच, म्हणून गटाचं सगळं लिहिणं तिच्याकडं. बाकीच्या तिघी आपापली सुताची लडी टेबलावर तिच्यासमोर ठेवून हॉलमध्ये पांगल्या होत्या.

"ताई, चिठ्ठ्या बांधून द्या लवकर," टेबलामागचा कार्यकर्ता म्हणाला. "मास्तर अकराला बसतेत तपासायला."

चौसाळ्याच्या या मंगल कार्यालयात एरवी या दिवसांत रोज लग्नं असायची. यंदा पाण्यावाचून लग्नंच पुढं गेली, आणि रिकाम्या हॉलमध्ये विणकर सहकारी संस्थेनं सूत-लोकरीचा मेळावा भरवला. स्टेजवर वधूवरांच्या खुर्च्यांच्या जागी एक मोठा चरखा ठेवला होता. नवा, लाकडाला अजून पॉलिशचा वास. शिवलीला आल्या आल्या त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली होती. चाकावर बोट टेकवलं तर ते अर्धा फेरा आपोआप फिरलं होतं, आणि तिनं चटकन हात मागं घेतला होता.

असा एकेक चरखा दहा गावांना मिळणार होता. प्रत्येक गावातून ज्या बाईचं सूत सगळ्यांत चांगलं, तिच्या घरी तो बसणार. ती बाकीच्यांना शिकवणार, पिंजलेल्या कापसाचे पेळू वाटणार, सूत गोळा करणार. संस्थेच्या पत्रात तिच्यासाठी शब्द होता केंद्रचालिका. शिवलीलानं तो वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या नावाखाली दोनदा लिहून पाहिला होता आणि मग ते पान फाडून चुलीत टाकलं होतं.

तिच्याशिवाय दुसरं कोण होणार होतं? कॉलेजात असताना एका शिबिरात सगळ्यांना एकेक तकली वाटली होती. बाकीच्या मुलींच्या तकल्या दप्तरात वाकल्या, हरवल्या. हिची फिरत राहिली. एसटीत, परीक्षेच्या महिन्यात, बाळंतपणाला माहेरी असताना. कापसाच्या मऊ पेळूतून हातभर सूत निघायचं, तेव्हा तिला आपण काही तरी आहोत असं वाटायचं. यंदा शेतातली कामं संपली, नवऱ्याच्या, मल्लिनाथच्या दुकानातलं गिऱ्हाईक आटलं, गल्लीतल्या बाया दारात नुसत्या बसून राहू लागल्या, तेव्हा त्यांना गोळा करून तकली हातात देणारी तीच. जगदेवीकाकू सगळ्यांत शेवटी आल्या. पहिला आठवडाभर तकली उलटी धरायच्या.

तिनं भिमाबाईच्या लडीला चिठ्ठी बांधली. मग सिंधुबाईच्या. मग आपल्या. मग जगदेवीकाकूंच्या.

काकूंची लडी कुठंही ठेवली तरी ओळखू यायची. बाकीच्या जणी पांढऱ्याच सुताची गाठ मारायच्या, काकू काळा दोरा बांधायच्या. तान्ह्या लेकराच्या मनगटाला बांधतात तसला. एकदा शिवलीलानं हसून विचारलं होतं, "काकू, सुताला नजर लागती व्हय?" काकू म्हणाल्या होत्या, "लागती की."

तिनं ती लडी तळव्यावर घेतली. एकसारखी होती. नुसती बारीक नव्हे, एकसारखी. शेजारी तिची स्वतःची लडी, दुरून तेवढीच शुभ्र, पण बोट फिरवलं की जागोजागी सांधे लागत. सूत तुटलं की टोक पेळूवर ठेवून पुन्हा पीळ द्यायचा, तिथं बारीकशी गाठ उरते. तिच्या लडीत त्या गाठी किती होत्या हे तिनं कधी मोजलं नव्हतं. त्या कशानं आल्या ते मात्र तिला ठाऊक होतं.

टँकर आठव्या दिवशी यायचा, म्हणून अंगणात चार निळे ड्रम काठोकाठ भरलेले, आणि न्हाणीपाशी हौद. तिची गिरिजा दोन वर्षांची. चालायला लागल्यापासून तिला पाण्यात हात घालायचं वेड. ड्रमना झाकणं होती, झाकणांवर दगड होते, तरी शिवलीला तकलीवरून उठायचीच. उठायची, बघायची, बसायची. लग्न होऊन आली त्या पहिल्याच महिन्यात गल्लीनं तिला सांगून टाकलं होतं. मागच्या कुठल्याशा दुष्काळात जगदेवीकाकूंची लेक अशीच भरून ठेवलेल्या हौदात गेली. काकू चुलीपुढं भाकरी थापत होत्या. एवढीच लेक. पुढं पाळणा हलला नाही, नवराही गेला. त्या वेळी शिवलीलानं ती गोष्ट नुसती ऐकली होती. गिरिजा झाल्यावर ती गोष्ट तिच्या अंगणात येऊन बसली.

आणि गिरिजाला झोप लागायची ती काकूंच्याच मांडीवर. सकाळी डोळे चोळत त्यांच्या दाराकडं हात करायची. "जगा, जगा." काकूंची तकली फरशीवर भुईचक्रासारखी फिरत राही आणि पोरगी तिच्याकडं बघत बघत मान टाकी. शिवलीलानंही तशीच फिरवून पाहिली होती. गिरिजानं तकली ओढून सूत तोडलं होतं.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला खळखळून हसू फुटलं. शिवलीलानं मान वर केली. तिकडं धनगर बायांनी लोकर मांडली होती, एक काळं कोकरूही बांधलं होतं. गिरिजा काकूंच्या कडेवरून वाकून कोकराच्या कानाला हात लावत होती आणि पुन्हा पुन्हा अंग मागं टाकून हसत होती. घरी शिवलीलानं एवढं हसू कधी ऐकलं नव्हतं.

तिनं खाली पाहिलं. दोन्ही लड्यांच्या चिठ्ठ्यांच्या गाठी सोडल्या. आपल्या नावाची चिठ्ठी काळ्या दोऱ्याच्या लडीला बांधली आणि दुसरी दुसरीला. काळा दोरा सोडवावा म्हणून नखानं गाठ चाचपली, पण ती सोडली असती तर लडीच विस्कटली असती.

"झालं का, ताई?"

"झालं," ती म्हणाली, आणि चारी लड्या तिनं स्वतः टोपलीत ठेवल्या. काळा दोरा खालच्या बाजूला येईल अशी एक.

*

मग तिनं मेळावा पाहिला. घाईघाईनं, पाय न थांबवता. ज्या दिवसाची दोन महिने वाट पाहिली होती तो आज तिच्या हाती लागत नव्हता. एका टेबलावर मातकट रंगाचा कापूस होता, न रंगवता तसाच उगवणारा. तिनं एक बोंड उचललं, चिमटीनं तंतू ओढून पाहिला. लांब निघाला. एरवी तिनं त्या माणसाला दहा प्रश्न विचारले असते. पुढं अंबाडीचे दोर, त्यापुढं एक म्हातारी उभ्या उभ्या लोकर कातत होती. चाती मांडीवर घासून सोडायची, आणि काळी लोकर पिळत पिळत खाली उतरायची. शिवलीलाची बोटं आपसूक तशीच हलली.

"शिक की," म्हातारी म्हणाली. "फुकट हाय."

"येते परत," शिवलीला म्हणाली, आणि कोकराकडं गेली.

तिथली धनगरीण काकूंना विचारत होती, "नात हाय व्हय?"

"न्हाई बाई. हिची हाय," काकू म्हणाल्या, हनुवटीनं शिवलीलाकडं दाखवत. "मी नुसती वागवती."

"जीव हाय की तुमच्यावर."

"लेकराचं काय, ज्याच्याकडं दोन घटका मिळाल्या त्याचं." काकूंनी गिरिजाच्या मुठीतला लोकरीचा पुंजका बाहेर काढला. "आईला दाव, जा. बघ, आई आली."

शिवलीलानं दोन्ही हात पुढं केले. गिरिजानं तिच्याकडं पाहिलं, आणि तोंड काकूंच्या खांद्यात लपवलं.

"नाटकी हाय," काकू म्हणाल्या.

"राहू द्या तुमच्याकडंच," शिवलीला म्हणाली. स्वर जरा जास्तच कोरडा लागला म्हणून तिनं गिरिजाचं झबलं ओढून नीट केलं, ते नीटच होतं तरी.

तेवढ्यात भिमाबाई घाम पुसत आली. मोठ्यानं बोलायची तिला सवय. "अगं चला की! मास्तर बसले. बघू आज कुणाच्या दारात चरखा जातोय. माझ्या तर न्हाईच, माझं सूत म्हंजे सुतळी हाय."

"तुझं निदान सुतळी तरी हाय," सिंधुबाई म्हणाली. "माझं तर चऱ्हाट."

दोघी हसल्या. काकूही हसल्या. शिवलीलानं पदर खांद्यावरून कमरेला खोचला, आणि परत सोडला.

*

गहिनीनाथ मास्तर सत्तरीचे. विणकर संस्थेत आयुष्य गेलेलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळं ते सूत डोळ्यांनी बघतच नसत. लडीचं टोक शोधायचं, धागा अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधून ओढत न्यायचा, मान थोडी तिरकी. भोवती बायका कोंडाळं करून उभ्या. त्यांच्या गावाची टोपली पुढं आली तेव्हा काकू शिवलीलाच्या शेजारीच होत्या, गिरिजा कडेवर.

भिमाबाईचं सूत त्यांनी दोन हात ओढलं. "आडव्या बाण्याला चालंल. जाडसर हाय, पण जीव हाय." सिंधुबाईचंही तसंच. मग कार्यकर्त्यानं तिसरी लडी त्यांच्या हातात दिली.

मास्तरांनी आधी बांधलेला दोरा चाचपला. मग तो सोडला, सूत ओढायला सुरुवात केली, आणि ओढतच राहिले. एक हात. दोन. पाच. कोंडाळ्यातली कुजबुज थांबली.

"हे ताण्याचं सूत हाय," शेवटी ते म्हणाले. मागावर उभे ताणतात त्या धाग्यांना सगळं सूत चालत नाही हे तिथं प्रत्येकीला माहीत होतं. "तकलीवर असलं सूत मी लई वरसांनी हातात धरलं. कुठंच थांबली न्हाई ही बाई. नाव काय?"

कार्यकर्त्यानं चिठ्ठी वाचली. "शिवलीला."

"कोण हाय?"

"मी," म्हणत तिनं हात वर केला. तो आपला हात आहे असं तिला वाटलं नाही. मास्तरांनी आवाजाच्या दिशेनं काळा दोरा पुढं केला. "घ्या. तुमचा हाय." तिनं तो घेतला आणि मूठ मिटली. उजव्या बाजूला बघायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं. काकूंचा श्वास तिला ऐकू येत होता.

चौथी लडी.

मास्तरांनी एक हात सूत ओढलं आणि थांबले. बोटं मागं नेऊन एक जागा पुन्हा चाचपली.

"इथं उठली," ते म्हणाले.

बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"इथं परत उठली." वीतभर पुढं. "इथं बसली, पण ध्यान न्हाई. पीळ बघा, कमी पडलाय. इथं परत उठली. एक पेळू काय हिनं सलग कातला न्हाई." ते हसले, पण त्या हसण्यात चेष्टा नव्हती. "सूत काही वाईट न्हाई. हात शिकलेला हाय. पण जीव सारखा दुसरीकडं. घरात लहान लेकरू हाय हिच्या. नाव वाचा."

"जगदेवी," कार्यकर्ता म्हणाला.

भिमाबाई फस्सकन हसली. "मास्तर, आज तुमचा अंदाज चुकला! हिच्या घरात कुठलं आलंय—"

"मी हाय जगदेवी," काकू म्हणाल्या. "माझंच हाय ते."

भिमाबाईचं तोंड उघडंच राहिलं.

मास्तरांनी मान वर केली. "लेकरू हाय ना?"

शिवलीलाच्या मुठीत तो दोरा रुतला. आता. आता काकू सांगणार. एक शब्द पुरला असता, आणि तो त्यांचा हक्काचा होता.

"हाय की," काकू म्हणाल्या. "लेक हाय. दोन वरसांची." त्यांनी गिरिजाला कडेवर जरा वर सरकवलं. "पानी भरून ठिवलेलं असतंय न्हवं घरात. मंग उठून उठून बघावं लागतंय. सूत तुटतंय."

"हीच का?" मास्तरांनी चाचपत हात पुढं केला. गिरिजानं त्यांचं बोट धरलं.

"हीच."

शिवलीलाच्या तोंडाशी आलं: ती माझी आहे. ओठ विलगही झाले. पण ते बोललं असतं तर सगळंच बोलावं लागलं असतं. तिनं आपल्या पोरीचं बोट मास्तरांच्या बोटाभोवती आवळलेलं पाहिलं, आणि काकूंचा चेहरा पाहिला. तो तिनं आधी कधी पाहिला नव्हता. त्या सरळ उभ्या होत्या, हॉलभर बायकांच्या देखत, मान ताठ.

"बघावंच लागतं बाई," मास्तर म्हणाले. "तुटू द्या सूत. सांधता येतं. तुम्ही बघत जावा."

"व्हय," काकू म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला की ते बहुधा शिवलीलालाच ऐकू आलं. "बघती मी."

*

परतीच्या जीपमध्ये सगळ्या दाटीनं बसल्या होत्या. बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढाच राहून वाळलेला कापूस. चरखा संस्थेची गाडी आणून देणार होती.

"शिवलीले, पेढे खाल्ल्याबिगर सोडायची न्हाई हां," भिमाबाई म्हणाली. मग तिला राहवेना. "पर कावून गं जगदेवी, मास्तरला फशिवलंस? आन तुझं सूत तर असलं नसतंय. मी रोज बघती की."

"हल्ली नजर जायलीय माझी," काकू म्हणाल्या. "तुटतंय."

"आन लेक?"

"म्हाताऱ्या माणसाला काय खोटं पाडायचं चारचौघांत."

सिंधुबाई शिवलीलाच्या मुठीकडं बघत होती. शिवलीलानं हात पदराखाली घेतला. गिरिजा काकूंच्या मांडीवर झोपली होती, तोंड उघडं, लोकरीचा पुंजका अजून हातात. लिंबागणेशच्या फाट्यावर भिमाबाई आणि सिंधुबाई बाजाराला उतरल्या, तेव्हा जीपमध्ये मागं दोघीच उरल्या.

"काकू," शिवलीला म्हणाली.

काकू बाहेर बघत होत्या. "कपिलधारच्या धबधब्याला पानी न्हाई म्हन यंदा. थेंब न्हाई."

"काकू, हा दोरा."

त्यांनी वळून पाहिलं. तिच्या तळव्यावर घामानं ओला झालेला काळा दोरा होता. तो कुणाचा ते आठवत असल्यासारख्या त्या त्याच्याकडं बघत राहिल्या.

"तुला दिलाय न्हवं मास्तरनी," त्या म्हणाल्या. "ठिव की."

गाव आलं. उतरताना शिवलीलानं पोरगी घ्यायला हात पुढं केले. काकूंनी ती दिली, लगेच, नीट, मान सांभाळून. झोपेतच गिरिजानं अंग आखडलं आणि कुरकुरली. घरापर्यंत शिवलीलाला तिचं वजन जाणवत राहिलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिजा उठली ती दाराकडं हात करतच. मल्लिनाथ दुकानाकडं निघता निघता म्हणाला, "केंद्रचालिकाबाई, आज चरखा येणार, जागा झाडून ठेवा." तो चेष्टा करत होता, पण खूश होता. सासूबाईंनीही सकाळपासून दोनदा चहा विचारला होता. शिवलीलानं ओसरी झाडली. काकू येतील असं तिला वाटलं नव्हतं.

त्या नेहमीच्या वेळी आल्या. नेहमीच्या जागी, खांबाला टेकून बसल्या. गिरिजा धावत जाऊन मांडीत शिरली. शिवलीलानं त्यांच्यापुढं पेळू ठेवले. काकूंनी ते बाजूला सारले.

"तू कात," त्या म्हणाल्या. "तुला आता दावावं लागंल कातून."

शिवलीलानं तकली घेतली. पहिला हात सूत निघालं. दुसरा. सवयीनं तिनं उठायला गुडघा उचलला, आणि त्याच वेळी समोर काकू उठल्या. कडेवर गिरिजा. त्या अंगणात गेल्या, पहिल्या ड्रमचं झाकण तळव्यानं दाबून पाहिलं, दगड सरकवून मधोमध केला. मग दुसरा. तिसरा. चौथा. न्हाणीपाशी जाऊन हौदावरची फळी पाहिली. आल्या आणि बसल्या. त्यांची तकली पिशवीतून बाहेरच आली नव्हती.

शिवलीलाचा गुडघा परत खाली टेकला. तिनं सूत ओढलं. काही वेळानं काकू गिरिजाला खांबापाशी निजवून पुन्हा उठल्या.

गिरिजाचे डोळे मिटत आले होते. "जगा," ती झोपेत म्हणाली.

"हाय," काकू अंगणातून म्हणाल्या. "हितंच हाय."

शिवलीलानं मान वर केली नाही. पेळू संपत आला, तिनं दुसरा उचलला. सूत बोटांतून येत राहिलं, बारीक, एकसारखं, एकदाही न तुटता.